कुजकं वांगं आणि बाबांचा पाय

मंडळी, या शनिवारी कोड, प्रोजेक्ट, अप्रेझल यातलं काहीही नाही. आज थोडं घरचं आणि थोडं विज्ञानाचं. मी डॉक्टर नाही, शेतकी पदवीधर नाही, बारावीनंतर बायोलॉजीचं तोंडही बघितलेलं नाही. त्यामुळे मत माझं आहे, ते तपासून घ्यायची जबाबदारी तुमची.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आईचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत एका रिलीजच्या गडबडीत होतो. "बाबांच्या पायाला जरा लागलंय, तू काळजी करू नकोस." आईच्या 'काळजी करू नकोस'चा अर्थ काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. रात्रीची एसटी पकडली आणि पहाटे सांगली.

बाबांना पंधरा वर्षांचा मधुमेह. नवी चप्पल चावली, पायाला नीटसं जाणवलंच नाही आणि आठ दिवसांत करंगळीजवळ जखम चिघळली. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात ॲडमिट केलं. जखम साफ केली, पू तपासायला पाठवला, आणि तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट हातात आला. जंतूचं नाव क्लेबसिएला. खाली अँटिबायोटिक्सची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. आर, आर, आर, आर... शेवटच्या दोन ओळी सोडल्या तर सगळीकडे आर. मला तर तो टेस्ट रिपोर्टच वाटला, सगळे केस फेल गेलेला.

"आर म्हणजे रेझिस्टंट," डॉक्टर म्हणाले. "या औषधांना हा दाद देणार नाही. उरलेल्या दोनपैकी तुमच्या वडिलांच्या किडनीला कुठलं झेपेल ते बघू."

एक झेपलं. पाय वाचला, दोन बोटं गेली. बाबा म्हणाले, "दोनच ना? आठ आहेत अजून." आम्ही हसलो. आई मात्र हसली नाही.

त्या वॉर्डातल्या रात्री मोबाइलवर वाचत बसलो होतो. 'अँटिबायोटिक चालत नसेल तर काय' असं शोधता शोधता बॅक्टेरियोफाज या शब्दाशी आलो. थोडक्यात, फाज. जिवाणूंना, म्हणजे बॅक्टेरियांना, होणारा व्हायरस. आपल्याला जसा फ्लू होतो तसा जिवाणूला फाज होतो, फक्त जिवाणू त्यातून सहसा वाचत नाही. फाज जिवाणूच्या अंगावर बसतो, आपला डीएनए आत सोडतो, जिवाणूच्याच यंत्रणेकडून आपल्या कॉप्या काढून घेतो आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात जिवाणू फुटून शेकडो फाज बाहेर पडतात. मग ते पुढचा जिवाणू शोधतात. खायला जिवाणू उरला नाही की त्यांचंही वाढणं थांबतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर अँटिबायोटिक म्हणजे डिस्क फॉरमॅट करणं. आतड्यातले चांगले, वाईट सगळे जिवाणू साफ. फाज म्हणजे नेमकी एक प्रोसेस हेरून तिला किल कमांड देणं. एका जातीच्या जिवाणूचा फाज दुसऱ्या जातीला सहसा हात लावत नाही, कधी कधी त्याच जातीच्या दुसऱ्या वाणालाही लावत नाही. माणसाच्या पेशींशी तर त्याला देणंघेणंच नसतं. हीच त्याची सगळ्यात मोठी ताकद आणि हीच सगळ्यात मोठी अडचण. ते पुढे येईलच.

आता मला वाटलं होतं की हे काहीतरी कालपरवाचं, अमेरिकेतलं, स्टार्टअप छापाचं प्रकरण असेल. तर तसं अजिबात नाही! १८९६ साली आग्र्याला हॅन्किन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, आणि तेच पाणी उकळलं की तो गुण जातो. ते फाजमुळेच घडत होतं असं आज नक्की म्हणता येत नाही, पण निरीक्षण नोंदलं गेलं. १९१५ मध्ये इंग्लंडात ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स देरेल यांनी फाज वेगवेगळे शोधले. बॅक्टेरियोफाज हे नाव देरेलचं. हा गडी १९२६ मध्ये आपल्या मुंबईत आला होता, परळच्या हाफकिनमध्ये, प्लेगवर फाज चालतो का ते बघायला. दुसऱ्या वर्षी तो पंजाबात कॉलऱ्यावर काम करत होता. तिथे पेशंटना फाज पाजला आणि गावच्या विहिरींतही टाकला. विहिरीत औषध! पेनिसिलिन तेव्हा कुणाला माहीतही नव्हतं.

मग १९४० च्या दशकात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि जगाने फाज गुंडाळून ठेवला. साहजिकच होतं. एक गोळी दहा रोगांवर चालत असेल तर दर जंतूसाठी वेगळा फाज शोधत कोण बसेल? जॉर्जियात मात्र तिबिलिसीच्या एलियावा इन्स्टिट्यूटने ते काम चालू ठेवलं. १९२३ साली सुरू झालेली ही संस्था. तिचा संस्थापक एलियावा याला १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या, संस्था मात्र टिकली. तिथे आजही फाजची मिश्रणं बनतात आणि ती वेळोवेळी अपडेट केली जातात, कारण जंतू बदलतात. अँटिव्हायरसच्या डेफिनिशन अपडेटसारखंच, फक्त इथे अँटिव्हायरस स्वतःच व्हायरस आहे!

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. हे चालतं का?

खरं उत्तर असं की काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही, आणि पुरावा अजून अपुरा आहे. बेल्जियममधल्या एका गटाने २०२४ मध्ये ओळीने १०० पेशंटचा हिशेब मांडला. दुसरे उपाय थकलेले, १२ देशांतले पेशंट. ७७ टक्क्यांच्या तब्येतीत सुधारणा झाली, ६१ टक्क्यांत तो जंतू नाहीसा झाला. पण यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय जिथे फाजबरोबर अँटिबायोटिक दिलं नव्हतं तिथे जंतू जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी कमी होती. म्हणजे फाज अँटिबायोटिकची जागा घेणारा नाही, त्याच्या जोडीला उभा राहणारा आहे. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात जुन्या, न भरणाऱ्या जखमा असलेल्या २० पेशंटवर जखमेवर फाज लावून बघितला. तीन ते पाच वेळा लावल्यावर जखमेतला संसर्ग गेला, सात जणांची जखम २१ दिवसांत पूर्ण भरली. हे २०१९ मध्ये छापून आलं. (ते वाचताना मी बाबांच्या बँडेजकडे बघत होतो, हे वेगळं सांगायला नको.)

आणि फसलेला प्रयोगही सांगतो, नाहीतर ती जाहिरात होईल. फ्रान्स-बेल्जियममध्ये भाजलेल्या पेशंटवर १२ फाजचं मिश्रण वापरून एक रीतसर चाचणी झाली. साठवणुकीत मिश्रणातल्या फाजची संख्या इतकी घसरली की पेशंटला ठरल्यापेक्षा हजारो पटींनी कमी डोस मिळाला, आणि नेहमीच्या मलमाने त्याच्यापेक्षा लवकर गुण दिला. चाचणी मध्येच थांबवावी लागली. फाज सापडणं वेगळं, तो टिकवणं वेगळं.

आता वांग्याकडे येऊ.

इंग्लंडात एक पंधरा वर्षांची मुलगी होती. जन्मजात फुप्फुसाचा आजार, दोन्ही फुप्फुसं बदललेली, आणि ऑपरेशननंतर टीबीच्या जातभाईचा संसर्ग अंगभर पसरलेला. मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस त्याचं नाव. कुठलंच औषध चालेना. डॉक्टरांनी पिट्सबर्गच्या ग्रॅहॅम हॅटफुल यांना विचारलं. त्यांच्या फ्रिजमध्ये हजारो फाज होते, आणि त्यातले बहुतेक कॉलेजच्या पोरापोरींनी गोळा केलेले! तिकडे २००८ पासून एक उपक्रम चालतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने माती आणायची, त्यातून स्वतःचा एक फाज वेगळा काढायचा, त्याला नाव द्यायचं आणि तो सगळ्यांसाठी खुल्या संग्रहात ठेवायचा. आपल्या भाषेत ओपन सोर्स. त्या सगळ्या संग्रहातून या मुलीच्या जंतूला उपयोगी तीन निघाले. त्यातले दोन जनुकीय दुरुस्ती करून वापरावे लागले. जसाच्या तसा चालला तो एकच, नाव 'मडी'. तो सापडला होता दक्षिण आफ्रिकेत डर्बनला, एका कुजलेल्या वांग्यावर. २०१८ मध्ये उपचार सुरू झाले, जखमा भरत आल्या, मुलगी घरी गेली.

कृष्णाकाठच्या माणसाला वांग्याची गोष्ट सांगितली की तो लगेच कान टवकारतो. मीही टवकारले. वांगं आमच्याकडचंही जगात भारी, आणि कुजायलाही कमी पडत नाही! पण विनोद सोडा. ते वांगं उचलणाऱ्या विद्यार्थिनीच्या डोक्यात लंडनची कुठली पेशंट नव्हती. तिने अभ्यासाचा भाग म्हणून फाज काढला आणि जपून ठेवला. काही वर्षांनी ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी तो शेल्फवर होता. आपल्याकडे म्हण आहे ना, तहान लागल्यावर विहीर खणू नये. तिने तहान लागायच्या आधी खणली होती, आणि तीही दुसऱ्या कुणाच्या तहानेसाठी.

बाबांच्या वेळी अशी विहीर आमच्या आसपास नव्हती. त्यांच्या क्लेबसिएलाला खाणारा फाज कदाचित मिरजेच्याच गटारात वाहत असेल. हॉस्पिटलातला जंतू जिथे वाहून जातो तिथेच त्याला खाणारा सापडायचा, म्हणून फाज शोधणारे सांडपाण्याकडे आधी बघतात. पण तो गोळा केलेला नव्हता, तपासलेला नव्हता, कुठल्या यादीत नव्हता.

बाबा घरी आल्यावर आटपाडीहून मामा भेटायला आले. मामांची डाळिंबाची बाग. डाळिंबवाल्याशी बोललात तर पाचव्या वाक्याला 'तेल्या' हा शब्द येतो. पानावर, फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि बघता बघता बाग हातची जाते. आटपाडी, सांगोला, इकडे साताऱ्याचे माण-खटाव, सगळ्या दुष्काळी पट्ट्याने डाळिंबावर चार पैसे बघितले आणि तेल्याने ते परत नेले. हाही जिवाणूच, झँथोमोनास नावाचा. त्यावर बोर्डो मिश्रण मारतात, बाग स्वच्छ ठेवतात, बहार बदलतात, आणि वर्षानुवर्षं पंपात स्ट्रेप्टोसायक्लिनही घातलं गेलं. त्यात असतं काय? स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. माणसांचीच औषधं. त्यातलं पहिलं तर टीबीवरचं पहिलं औषध.

मी मामांना रिपोर्ट दाखवला आणि जरा भाषणच दिलं. मामा शांतपणे म्हणाले, "आरं इंजिनेर, समदं पटतंय. पर बागंत तेल्या दिसला का मानूस हाताला यील ते मारतंय. तुझ्याकडं दुसरं काय हाय का, ते सांग."

बोलती बंद. फवारणीमुळेच बाबांचा जंतू निगरगट्ट झाला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला पुरावा नाही. पण औषधांचा धाक शेतातही आणि दवाखान्यातही एकाच वेळी संपवायचा, हे शहाणपणाचं नाही. जगात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख माणसं गेली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ही दोन औषधं शेतीतून काढायच्या आदेशाचा मसुदा काढला, २०२४ पासून वापर पूर्ण बंद करायचा असं त्यात म्हटलं होतं. हेतू चांगलाच. पण मामांचा प्रश्न तसाच राहतो. दुसरं काय आहे?

दुसरं आहे, पण इथे नाही. अमेरिकेत २००५ साली टोमॅटो आणि मिरचीवरच्या जिवाणूंसाठी फवारायच्या फाजला सरकारी नोंदणी मिळाली. त्यातला एक जिवाणू झँथोमोनासच, म्हणजे तेल्याच्या घराण्यातलाच. २००६ मध्ये तिथल्याच अन्न-औषध खात्याने मांसावर फवारायच्या फाजला परवानगी दिली, लिस्टेरिया नावाच्या जंतूसाठी. अर्थात टोमॅटोचा फाज आणून डाळिंबावर मारला तर उपयोग शून्य. त्या बागेतल्या तेल्याचा फाज त्या बागेच्या आसपासच शोधायला हवा. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी फाज लवकर मरतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी लागते. हे ऐकल्यावर मामा म्हणाले, "सांजंला लाईट आली तर मारू की."

तर माझं मत असं, आणि ते ठाम आहे. फाजच्या बाबतीत आपण 'औषध कधी येणार' हा प्रश्न विचारतो आणि तिथेच चुकतो. विचारायचा प्रश्न हा आहे की 'संग्रह कधी सुरू करणार'. पेनिसिलिन परदेशात शोधलं तरी सांगलीत चालतं. फाजचं तसं नाही, त्याला जंतूशी जुळावं लागतं, आणि जंतू गावोगावी वेगळे. हा माल आयात करून पूर्ण काम भागणार नाही. काही भाग इथेच पिकवावा लागेल.

आणि त्यासाठी आमच्या दोन जिल्ह्यांत काय कमी आहे? महाबळेश्वरपासून हरिपूरपर्यंत कृष्णा आहे, वाटेत वाई, कऱ्हाड, सांगलीचं सांडपाणी पोटात घेणारी (दुर्दैवाने). मिरजेत आणि कऱ्हाडला मोठी हॉस्पिटलं आहेत, जिथे रोज असे आर-आर-आर रिपोर्ट निघतात. आटपाडी-माणला बागा आहेत, शेजारी सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सायन्स कॉलेजं तर गल्लोगल्ली. ज्या कऱ्हाडजवळच्या काल्यात १९१९ साली कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिथल्या पोरांना 'कमवा आणि शिका' शिकवावं लागत नाही. त्यात 'शोधा आणि साठवा' एवढं घालायचं.

काम काय असतं ते बघा. सांडपाणी आणायचं, जिवाणू अडतील इतक्या बारीक गाळणीतून गाळायचं, ज्या जिवाणूचा फाज हवा त्याच्याबरोबर पातळ आगरमध्ये मिसळून प्लेटवर ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी प्लेटवर जिवाणूंचा धुरकट थर दिसतो आणि त्यात जिथे फाज असेल तिथे स्वच्छ गोल ठिपका. एमएस्सीच्या लॅबमध्ये हे सहज होतं. हॉस्पिटलातले घातक जंतू मात्र कॉलेजात आणायचे नाहीत, ते काम तशा सुरक्षित लॅबमध्येच. विद्यार्थ्यांनी सुरुवात शेतीच्या जिवाणूंपासून करावी. तेल्यापासून करा, मामा दुवा देतील.

यात आपलं, म्हणजे कीबोर्डवाल्यांचंही काम आहे. प्रत्येक फाज चांगला नसतो. काही जिवाणूला न मारता त्याच्या डीएनएत मुक्काम करतात, काही तर विषाचं जनुक घेऊन फिरतात. कॉलऱ्याच्या जंतूला त्याचं विष एका फाजनेच दिलंय, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. म्हणून प्रत्येक फाजचा जीनोम वाचून तपासावा लागतो. मडीचा जीनोम सुमारे ४८ हजार अक्षरांचा आहे. आपल्या फोनमधल्या एका सेल्फीपेक्षा लहान फाइल! ती तपासणारा प्रोग्रॅम, कुठला फाज कुठल्या जंतूवर चालला याचा डेटाबेस, फ्रिजमधल्या कुठल्या बाटलीत किती उरलाय याची नोंद... हे आपण झोपेत करू शकतो. वीकेंडला अजून एक टू-डू ॲप बनवण्यापेक्षा बरं.

राहिला कायद्याचा मुद्दा. माणसांसाठी मंजूर झालेलं फाजचं औषध आपल्याकडे बाजारात नाही. अडचण मला समजते. औषधाचा कायदा एक ठरलेला फॉर्म्युला मागतो, आणि फाजचं मिश्रण तर सारखं अपडेट होणारं. बेल्जियमने २०१८ पासून वाट काढली. डॉक्टरने त्या पेशंटसाठी लिहून द्यायचं, सरकारी लॅबने शुद्धता तपासायची आणि फार्मसीत ते बनवायचं. आपल्याकडेही असा दरवाजा उघडावा, पण तो लॅब आणि चाचण्यांच्या कुलुपासकट. नाहीतर उद्या कुणी 'शुद्ध कृष्णाजल फाज' म्हणून बाटल्या विकेल आणि आपणच त्या घेऊ. नदीचं पाणी औषध नाही. जखमेवर तर चुकूनही लावू नका.

हे सगळं झालं तरी बाबांची बोटं वाचली असती का? माहीत नाही. खरंच माहीत नाही. रक्तपुरवठा, साखर, उशीर, दहा गोष्टी असतात. पण त्या रात्री डॉक्टरांच्या यादीत दोन ओळींऐवजी तीन ओळी असत्या, एवढं नक्की.

बाबा आता रोज संध्याकाळी विश्रामबागेत फेरी मारतात, खास शिवलेला बूट घालून. मामांच्या बागेत या वर्षी हस्त बहार धरलाय आणि तेल्या अजून तरी दिसलेला नाही. परवा फोनवर मी त्यांना विचारलं, बागेच्या पाटातलं पाणी आणि डाग पडलेली चार पानं कॉलेजला द्याल का, माझा एक मित्र तिथे मायक्रोबायोलॉजी शिकवतो.

"चार का? पोतं भरून नी," मामा म्हणाले. "पर त्येला म्हनावं, सापडला तर मला आदी सांग."

पुढच्या शनिवारी आटपाडीला चाललोय. झिपच्या पिशव्या घेतल्यात.